स्नो चेन, एक जोडी: ऑपेरा हाऊसला घेतली, किन्नौर-स्पितीत वापरली

आधी निकाल सांगतो, कारण काही जण दुकानाच्या काउंटरवर उभं राहूनच हे वाचत असतील. स्नो चेन म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायची साखळी. ही साखळी चांगली आहे, किंमत रास्त आहे. पण एकच जोडी घेऊन बर्फात जाणार असाल तर घेऊ नका. दोन जोड्या घ्या, चारही चाकांना. ते जमत नसेल तर बर्फ पडल्यावर गाडी आहे तिथे उभी ठेवा आणि चहा प्या. पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन तारे साखळीचे कमी आणि ती विकण्याच्या पद्धतीचे जास्त आहेत.

मी बेस्टमध्ये ड्रायव्हर होतो, शेवटची वर्षं नव्या पोरांना शिकवण्यात गेली. राहायला परळ. रिटायर होईपर्यंत माझा बर्फाशी संबंध चौपाटीच्या गोळ्यापुरता. भाचा कल्याणचा, प्लंबिंगची कामं घेतो, त्याची बोलेरो आहे, बीएस-फोर डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. त्याला हिवाळ्यात हिमाचलमध्ये, स्पितीतल्या किब्बरला जाऊन हिमबिबट्या बघायचा होता. मला म्हणाला, "मामा, तू बरोबर असलास तर आई नाही म्हणणार नाही." ताईने हो म्हटलं, पण मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हिवाळ्यात स्पितीला जायचा रस्ता एकच उरतो. मनालीकडून कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरच्या वर, ती साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत बंद. अटल टनेल ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, त्याने रोहतांगची खिंड चुकते, कुंझुमची चुकत नाही. अटल टनेल झालाय म्हणजे स्पिती बारा महिने उघडी, असं समजणारे मला मुंबईत बरेच भेटले. तर रस्ता शिमल्याहून नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, पूह, खाब, नाको, ताबो आणि मग काजा. हा वर्षभर चालू असतो असं म्हणतात. चालू म्हणजे बर्फ किंवा दरड आली की बंद, बीआरओने, म्हणजे सीमेकडचे रस्ते सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने, साफ केलं की पुन्हा चालू.

आता खरेदी. गाडीचं जुनं सामान हवं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, नवं हवं असेल तर ऑपेरा हाऊस. चर्नी रोडला उतरून चालत गेलो. मुंबईत स्नो चेन मागितली की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग पोऱ्याला माळ्यावर चढवतो. तीन प्रकार पुढे आले. एक, टायरवर चढवायचे कापडी मोजे. हलके, घडी होणारे, ताज्या बर्फावर काम देतात, पण खडीवर फाटतात. किन्नौरच्या रस्त्यावर अर्धं अंतर खडीच आहे, म्हणून ते बाजूला ठेवले. दोन, प्लॅस्टिकचे पट्टे, केबलटायसारखे चाकाच्या भोकातून ओवायचे. हे चिखलात अडकलेली गाडी दोन हात पुढे काढायला ठीक असतील. घाटात यांच्या भरवशावर मी सायकलही नेणार नाही. तीन, लोखंडी साखळी, शिडीच्या नमुन्याची: दोन बाजूंना लांब साखळ्या, मध्ये टायरच्या रुंदीवर आडव्या. ही घेतली. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, फक्त मापांचा तक्ता. किंमत साडेचार हजार, जोडीची.

माप टायरच्या कुशीवर लिहिलेलं असतं, बोलेरोचं २१५/७५ आर १५. तेच माप तक्त्यात सापडलं पाहिजे. "उसके पास का चलेगा" असं कोणी म्हणालं तर उठून यायचं. सैल साखळी चाकाबरोबर फिरताना आपटत राहते आणि आतल्या बाजूला ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, वायर असते. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साखळी लावूच नका असंही लिहिलेलं असतं, कारण टायर आणि आतल्या पत्र्यामध्ये जागाच नसते. मॅन्युअल गाडीतच असतं. डॅशबोर्डच्या खणात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली.

दुकानदार म्हणाला, "अंकल, पाँच मिनट का काम है, बच्चा भी लगा लेगा." म्हटलं, लावून दाखव. त्याने कोपऱ्यातला सुटा टायर ओढला आणि खरंच पाच मिनिटांत लावून दाखवली. सुट्या टायरला मागची बाजूही पुढच्यासारखीच मोकळी असते. गाडीला लावलेल्या चाकाचं तसं नसतं. या साखळीचा आतला हूक चाकाच्या मागे, हात घालून, न बघता अडकवायचा असतो. सगळी मेख तिथे आहे, आणि दुकानातल्या प्रात्यक्षिकात नेमकी तीच गायब होती.

दुसरी जोडी मी तिथेच मागत होतो. भाचा म्हणाला, "मामा, गाडी मागून चालते, मग पुढे कशाला?" दुकानदाराने मान डोलावली, "सही बात है, ड्रायविंग व्हील पे ही लगता है." दोघांचं बरोबर आहे. पाकिटावरही तेच छापलंय. मी म्हटलं, चालते मागून, पण वळते कुठून? आणि थांबते कुठून? ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. फक्त मागे साखळी लावली की गाडी चढायला घोडा होते आणि उतरायला होती तशीच राहते. उलट धोका वाढतो, कारण एरवी जो चढ चढूच शकला नसता तो चढून तुम्ही वर जाऊन बसता. मग तोच रस्ता पलीकडे उतरतो. पण पैसे भाच्याचे आणि गाडी भाच्याची. एकच जोडी आली.

घरी आणून सराव सुरू केला. आमच्या बिल्डिंगचं पोडियम पार्किंग आहे. सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, पेव्हर ब्लॉक फुटतील का? म्हटलं, साहेब, गाडी चालवायची नाहीये, फक्त चाकाच्या एका फेऱ्याइतकी पुढे घ्यायची आहे. तरी ते खुर्ची टाकून बसले. पहिल्यांदा अर्ध्या तासाच्या वर गेलं. नंतर वेळ उतरत गेली. मग हातमोजे घालून. मग दिवा बंद करून, फक्त डोक्याच्या टॉर्चवर. शेवटी मासळीवालीकडून बर्फ आणून बादलीत टाकला, त्यात हात बुडवून बोटं बधीर झाल्यावर हूक लावायचा. भाचा हसत होता. वॉचमन व्हिडिओ काढत होता. पण साखळी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की बादलीची पायरी गाळू नका. लोकरीचे मोजे ओले झाले की संपले आणि उघड्या हाताने उणे दहामध्ये लोखंड धरवत नाही. नागदेवी स्ट्रीटला कोल्ड स्टोरेजच्या कामगारांसाठी आतून अस्तर असलेले रबरी हातमोजे मिळतात, ते घ्या. साखळीच्या पाकिटात जे फुकट मोजे येतात ते लग्नाच्या बँडवाल्यांना द्यावेत.

नागदेवीलाच लहान दांड्याचं फावडं आणि गाडी ओढायचा पट्टा घेतला. फावडं साखळीइतकंच महत्त्वाचं आहे आणि किमतीत साखळीच्या जवळपासही नाही. कंप्रेसर भाच्याकडे होता. टायरच्या हवेबद्दल तिकडे उलटसुलट ऐकायला मिळतं. साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की एक पीएसआय हवा उतरते. मुंबईच्या तीस अंशांत भरलेली हवा उणे पंधरात त्या हिशेबाने आठेक पीएसआय खाली दिसायला हवी. पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो, त्यामुळे काटा उलट थोडा वर चढतो. दोन्ही एकमेकांना बरंच खातात. म्हणून अंदाज नको, सकाळी गाडी हलवण्याआधी गेज लावायचा आणि कंपनीने सांगितलेली हवा ठेवायची. साखळी सहज चढावी म्हणून हवा सोडणारे मी पाहिलेत. ते करू नका, हवा परत भरली की साखळी टायरमध्ये रुतते.

गाडीच्या बाकी तयारीवर लांब बोलत नाही, तीन गोष्टी तेवढ्या. मुंबईत निम्म्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असतं, इथे चालून जातं, तिथे ते गोठून इंजिनचा ब्लॉक फुटतो. अर्धं कूलंट, अर्धं पाणी असं मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं कूलंट ओतणं शहाणपणाचं नाही, ते मिश्रणापेक्षा लवकर गोठतं. बॅटरी जुनी असेल तर बदलूनच निघा, कडाक्याच्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते. आणि डिझेल. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे डिझेल हिवाळ्यात तीन अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात पंधरा अंशांपर्यंत वाहतं राहिलं की पास. थंडी वाढली की त्यातलं मेण जमायला लागतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे तेहतीसपर्यंत वाहणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणाने. म्हणून खालच्या गरम मुलखातलं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका, टाकी रिकामी होत आणून डोंगरात भरा. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला अजून ढाब्यांवर मिळतो, नव्या इंजिनच्या पंपाला तो महागात पडेल. ज्यांच्या गाडीला ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर साफ करायचं द्रावण, लागतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते उणे अकराला गोठतं. टाकीत हीटर असतो, पण डिकीत ठेवलेल्या कॅनला नसतो.

आता रस्ता. तरंडा मातेच्या देवळापाशी सगळे ड्रायव्हर थांबतात, आम्हीही थांबलो. तिथून पुढे रस्ता कड्यात कोरलेला आहे, वर खडक, खाली सतलज. कल्पाला मुक्काम लांबवला, एक म्हणजे उंचीची सवय व्हायला आणि दुसरं म्हणजे बर्फ पडत होता. समुद्रसपाटीवरच्या माणसाने किन्नौरच्या बाजूने चढणं यासाठीही बरं की उंची हळूहळू वाढते. कल्पा तीन हजार मीटरच्या जरा खाली, नाको साडेतीन हजारांच्या वर, काजाही साधारण तेवढंच. डोकं दुखत असताना आणि झोप झालेली नसताना साखळी लावायला वाकलात तर दम लागतो. परळच्या पोडियमवर जे पंधरा मिनिटांत होत होतं त्याला वर जाऊन दुपटीच्या पुढे वेळ लागला.

रिकाँग पिओहून हिमाचल परिवहनची बस पहाटेच काजाकडे निघते. रस्ता चालू की बंद, याची खरी बातमी ती बस. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, मोबाइलवरचे ग्रुप सगळे आपापलं सांगतात. बस गेली आणि परत आली नाही म्हणजे रस्ता आहे. मी आयुष्यभर बस चालवली, पण त्या ड्रायव्हरांपुढे आमची हिंदमाताला तुंबलेल्या पावसाच्या पाण्यातली मर्दुमकी काहीच नाही. पिओच्या स्टँडवर एकाशी बोलत उभा होतो. मीही बसवाला म्हटल्यावर त्याने चहा पाजला आणि सांगितलं, बसच्या पाठोपाठ निघू नका, ऊन रस्त्यावर येऊ द्या. दहाच्या सुमाराला निघायचं, तीन-चारला मुक्कामाला पोचायचं. दिवसा वितळलेलं पाणी ऊन गेलं की रस्त्यावर काचेसारखं गोठतं आणि अंधारात ते ओल्या डांबरासारखंच दिसतं. ब्लॅक आइस म्हणतात ते हेच. नाल्यांच्या वळणावर, जिथे डोंगराची सावली दिवसभर हटत नाही, तिथे ते दुपारी बारालाही असतं. जूनच्या पहिल्या सरीत तेलकट रस्त्यावर बाइक कशी जाते ते मुंबईकराला सांगायला नको. हे तसंच, फक्त फरक इतका की बाजूला दुभाजक नसून दरी असते.

खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम लागतो आणि तिथून रस्ता ‘का’ नावाच्या गावाजवळच्या वळणांनी नाकोकडे चढतो. या चढावर साखळी लावली. बर्फ चांगला वीतभर, वरून गाड्यांनी दाबलेला. इथे साखळीला पूर्ण मार्क. बोलेरो एकदाही फिरली नाही, दुसऱ्या गिअरवर शांतपणे चढत गेली. आवाज भयंकर येतो, रोड रोलरमध्ये बसल्यासारखं वाटतं, पण ओढ पक्की. लावल्यावर शंभर मीटर जाऊन उतरायचं आणि पुन्हा ताणायचं, हे पाकिटावर लिहिलंय आणि ते खरं आहे, प्रत्येक वेळी सैल झालेली सापडली. वेग तीस-चाळीसच्या वर नेऊ नये. आम्ही वीसच्या वरच गेलो नाही.

साखळीबरोबर एक रबराचा कोळी येतो, बाहेरच्या बाजूने ताण देणारा. तो तिसऱ्या दर्जाचा आहे. थंडीत कडक झाला आणि एक हूक सटकला. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून नेल्या होत्या, त्या बांधल्या. आडव्या साखळ्यांपैकी एकीची कडीही झिजली, कारण मध्येमध्ये कोरडं डांबर लागतं आणि प्रत्येक तुकड्याला साखळी काढघाल करणं शक्य नसतं. साखळी डांबरावर चालवायची नाही हे बरोबर आहे. पण किन्नौरचा रस्ता पाकिट वाचून बनवलेला नाही. तिथे वेग माणसाच्या चालीवर आणायचा, एवढंच हातात असतं. जोडायच्या सुट्या कड्या पाकिटात यायला हव्यात, येत नाहीत. एक तारा यासाठी कापला.

नाकोच्या अलीकडे उताराला लागलो आणि एका सावलीतल्या नाल्यापाशी मी भाच्याला थांबायला सांगितलं. पहिला गिअर होता, चाल रांगती होती, म्हणून गाडी थांबली. उतरून चालत गेलो तर माझाच पाय सटकला. वर बर्फाचा पातळ थर, खाली काच. आम्ही ठरवलं की जरा जाऊन बघायचं, डोंगराच्या कडेला, एक गाडीभर अंतर. भाच्याने स्टिअरिंग उजवीकडे दिलं, चाकं वळली, गाडी सरळच गेली. मागची साखळी तिला इमानेइतबारे पुढे ढकलत होती. दगडाच्या बांधाला बंपर टेकला आणि थांबली. ओरखडाही नाही. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. मग मागे घेतली, फावड्याने कडेची माती आणि खडी नाल्यावर पसरली, अर्धा तास तेच काम केलं आणि मग पार झालो.

नाकोहून भाच्याने पिओच्या एका गॅरेजला फोन लावला. गॅरेजवाल्याने जुनी, वापरलेली एक जोडी भाड्याने द्यायचं कबूल केलं, डिपॉझिट फोनवरून घेतलं, आणि साखळी दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये टाकून दिली. कंडक्टरने पोतं खाली टाकलं. ही जोडी चौकडीच्या नमुन्याची, आतल्या बाजूला साखळीऐवजी तारेचं कडं. कडं चाकामागून सरकवायचं, टोकं वर टायरच्या माथ्यावर जोडायची, म्हणजे न बघता हात घालायची भानगडच नाही. लावायला शिडीवालीच्या निम्मा वेळ. आणि धरही वेगळा: शिडीच्या आडव्या साखळ्या पुढे-मागे धरतात, पण रस्ता कडेला कलला की गाडी दोन पायऱ्यांच्या मधल्या रबरावर बाजूला घसरते. चौकडी तिथेही धरते. ही पुढच्या चाकांना लावली. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, आत हात घालून ब्रेकच्या होजला घासत नाही ना बघितलं. पुढच्या चाकांच्या बाबतीत हे सगळ्यात आधी.

चार साखळ्यांवर तीच बोलेरो वेगळी गाडी झाली. मलिंगच्या नाल्याचा बदनाम उतार, दरडींचा. तिथे एका जागी ब्रेक लावून बघितला. थांबली. वळवली, वळली. मुंबईत ऑपेरा हाऊसला चौकडीची जोडी बघितली होती, साडेसात हजार म्हणाला होता. तेव्हा महाग वाटली. माझं मत आता असं की दोन शिडीच्या जोड्यांपेक्षा पुढे चौकडी आणि मागे शिडी हे बरं. फक्त एका धुरीवरच्या दोन्ही साखळ्या सारख्याच हव्यात.

आपल्याकडच्या ड्रायव्हरांसाठी एक सांगतो. कसाऱ्याला उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजून आहेत. बर्फावर उतारात गाडी गिअरमध्येच पाहिजे, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय हलकेच. साखळी कितीही चांगली असली तरी न्यूट्रलमधल्या गाडीला ती फक्त आवाज करते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम तिथे सगळे पाळतात आणि मुंबईच्या नंबरप्लेटकडे सगळे बघतात. मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. गाडीचं तोंड सकाळच्या उन्हाकडे करा, बॉनेटवर जुनी गोधडी टाका आणि निघताना काढायला विसरू नका.

आणि अडकलात तर काय, हे साखळीच्या पाकिटावर कुठेच नाही, म्हणून इथे लिहितो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे हिमवादळात पर्यटकांच्या गाड्या अडकल्या आणि किमान बावीस माणसं गेली. बऱ्याच जणांचा जीव थंडीने नव्हे, तर गाडीत कोंडलेल्या धुराने गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजतं, इंजिन हीटरसाठी चालू असतं, काचा बंद असतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून आधी फावड्याने सायलेन्सर मोकळा करायचा, इंजिन सलग न ठेवता तासाला दहा मिनिटं चालवायचं, वारा नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची आणि गाडी सोडून चालत सुटायचं नाही. हिमकडे कोसळतात अशा उतारांखाली मात्र फोटोसाठीही थांबू नका. ११२ नंबर हिमाचलमध्ये चालतो, रेंज असली तर. नसली तर ज्या घरातून निघालात त्यांना माहीत असलं पाहिजे की तुम्ही संध्याकाळी कुठे पोचणार होतात. आम्ही प्रत्येक मुक्कामाला पुढच्या मुक्कामाचं नाव आणि वेळ सांगून निघत होतो. होमस्टेच्या मालकिणीला त्यात नवीन काही वाटलं नाही, ती स्वतःच विचारत होती. खोलीत शेगडी किंवा कोळसे पेटवून दार लावून झोपू नका. धुराडं असलेली बुखारी, म्हणजे तिकडची खोली तापवायची बंद शेगडी, चालेल, तीही झोपायच्या आधी विझवून.

ही साखळी कोणी घेऊ नये? अटल टनेलमधून सिस्सूला जाऊन बर्फात खेळून संध्याकाळी मनालीला परत येणाऱ्यांनी. बर्फ पडला की पोलीस पुढे बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात, म्हणून लोक घाईने चेन विकत घेतात, रस्त्याच्या कडेला यूट्यूब लावून बसवतात आणि मागे रांग लागते. त्यांनी मनालीची टॅक्सी करावी. ड्रायव्हर रोज जातो, साखळी त्याची, आणि ती लावणारे हातही त्याचेच. जमिनीला टेकणाऱ्या सेडानवाल्यांनीही घेऊ नये.

बाकी हिमबिबट्या दिसला का? भाच्याला दिसला. मला गाइडच्या दुर्बिणीतून दगड दिसला आणि सगळे हो म्हणाले म्हणून मीही हो म्हणालो.

साठवणीचं राहिलं. मुंबईच्या हवेत ही साखळी तशीच पिशवीत ठेवलीत तर पावसाळ्यानंतर गंजाचा गोळा निघेल, मुलामा पातळ आहे. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, ब्रशने इंजिन ऑइल फिरवा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता गोणपाटात गुंडाळा. रबराचा कोळी टाकून द्या. नवा ऑपेरा हाऊसलाच सुटा मिळतो, दोनशेला सांगतात, दीडशेला देतात.